गंधहीन गारव्याचा जनक

नागपुरात होळी आटोपली की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि शहरातील मोटारींची गॅरेजेही एकाएकी गजबजू लागतात. हिवाळाभर विसरलेले एसीचे बटण याच दिवसांत पहिल्यांदा दाबले जाते. डॅशबोर्डच्या जाळीतून गार झुळुकीऐवजी गरम झोत आला की गाडी थेट गॅरेजच्या दारात उभी राहते. २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात वर्धा रोडवर काचा बंद केलेल्या मोटारीत गरम हवा येत असेल, तर ती तक्रार चैनीची राहत नाही. मागच्या आसनावर तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर मुळीच नाही.

गाडीचा मालक बहुतेक वेळा निदान घेऊनच आलेला असतो: गॅस संपला असेल, भरून द्या. जाणता कारागीर मात्र आधी बॉनेट उघडतो आणि दोन घड्याळांचा दाबमापक नळ्यांना जोडतो. निळे घड्याळ कमी दाबाच्या बाजूचे, तांबडे जास्त दाबाच्या बाजूचे. इंजिन सुरू असताना दोन्ही काटे खाली पडलेले दिसले तर यंत्रणेत गॅस कमी आहे. दोन्ही काटे जवळपास एकाच आकड्यावर खिळले असतील तर कॉम्प्रेसर फिरत नाही किंवा फिरूनही दाब देत नाही. तांबडा काटा फारच वर चढला असेल तर पुढचा कंडेन्सर धुळीने बुजलेला असतो किंवा त्यासमोरचा पंखा बंद पडलेला असतो. दोन्ही काटे जागच्या जागी असूनही हवा गरमच येत असेल, तर दोष गॅसचा नसतो. डॅशबोर्डमागची झडप अडकून हीटरची हवा त्यात मिसळत असते. हे सारे तपासायला थोडा वेळ लागतो. गॅस भरायला तेवढा लागत नाही, म्हणून पुष्कळदा नुसता गॅसच भरला जातो.

वास्तविक एसीतला गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एका बारीक छिद्रातून सुटला की त्याचा दाब एकदम उतरतो आणि मोटारीतील हवेची उष्णता शोषून तो पुन्हा वायुरूप होतो. हे चक्र वर्षानुवर्षे चालू शकते. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळाला. तरीही तो केव्हा गळाला हे मालकाला कळत नाही, कारण त्याला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. हा गुण निसर्गाने दिलेला नाही. तो एका माणसाने जाणीवपूर्वक शोधून काढला. त्या माणसाचे नाव थॉमस मिजली. मोटारीच्या धुराड्यातून कित्येक दशके बाहेर पडलेले शिसेही त्यांचेच देणे.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. शोधक वृत्ती घराण्यातच होती. वडील मोटारींच्या टायरांमध्ये सुधारणा करण्याच्या खटपटीत असत, तर आईच्या वडिलांनी लाकूड कापण्याच्या करवतीला दात बदलता येतील अशी रचना केली होती. बालपण ओहायो राज्यातील कोलंबस शहरात गेले. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी विवाह केला. पुढे अमेरिकी रसायनशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक मोठा सन्मान मिळवणारा हा माणूस शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ नव्हता, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. रसायनशास्त्र ते कामावर शिकले, आणि खिशात मूलद्रव्यांची आवर्त सारणी बाळगून शिकले.

आयुष्याला वळण मिळाले ते १९१६ मध्ये. डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या संशोधन प्रयोगशाळेत ते रुजू झाले. हॅंडल मारून मोटार सुरू करण्याच्या जाचातून जगाला सोडवणारा विजेचा स्टार्टर केटरिंग यांनीच बनवला होता. त्यांनी या तरुण अभियंत्यापुढे एक कटकट ठेवली. इंजिनावर ताण आला की आतून ठोके पडत. चढावर गाडी घालावी तर इंजिन खडखडे, ताकद कमी होई आणि काही वेळा पिस्टनही फुटत. दोष केटरिंग यांच्या ठिणगी पाडणाऱ्या विद्युत यंत्रणेवर ढकलला जात होता. खरे कारण इंधनाच्या अकाली भडक्यात आहे, हे मिजली यांनी दाखवून दिले.

उपाय मात्र चुकीच्या तर्कातून सापडला. इंधनाला तांबडा रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषून नीट जळेल, अशी अटकळ केटरिंग आणि त्यांनी बांधली होती. बर्फातही फुलणाऱ्या एका वेलीची तांबूस पाने पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. तेलात विरघळणारा तांबडा रंग त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हता म्हणून आयोडीन घातले, आणि ठोके थांबले. मग खरेखुरे तांबडे रंग आणून पाहिले, तर त्यांनी काहीच फरक पडला नाही. करामत रंगाची नव्हती, आयोडीनची होती. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर मिळण्याचे असे प्रसंग विज्ञानात थोडे नाहीत. मिजली यांचा मोठेपणा हा की, त्यांनी ते पुन्हा तपासले.

आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. पाच वर्षे शोध चालला. ॲनिलीन झाले, सेलेनियम झाले, टेल्युरियम झाले. टेल्युरियम कामाचे होते, पण त्याचा लसणासारखा दर्प अंगाला आणि कपड्यांना असा चिकटे की माणसांत बसणे मुश्कील व्हावे. अखेर आवर्त सारणीवर एकेक मूलद्रव्याचा परिणाम मांडत ते सारणीच्या तळाकडे सरकले आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राइथिल लेड, इंजिनात घालून पाहिले. पेट्रोलमध्ये त्याचे अगदी अल्प प्रमाणही पुरे होते. इंजिन शांत झाले. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्याच एका पंपावर हे पेट्रोल विक्रीस आले. ‘इथिल’ असे गोंडस नाव त्याला देण्यात आले. त्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता, आणि तो नसणे हा योगायोग नव्हता.

येथे जरा थांबावे लागते. शिसे विषारी आहे, हे १९२१ मध्ये कुणालाही नव्याने सांगण्याची गरज नव्हती. रंगकाम करणारे, छापखान्यातील जुळारी आणि खाणकामगार यांना जडणारे शिशाचे दुखणे शतकानुशतके ठाऊक होते. स्वतः मिजली यांनाच १९२३ च्या आरंभी शिशाची बाधा झाली आणि मोकळ्या हवेसाठी त्यांना फ्लोरिडात जाऊन राहावे लागले. दुसरा मार्गही त्यांना अपरिचित नव्हता. पेट्रोलमध्ये मद्यार्क, म्हणजे आजचे इथेनॉल, मिसळले तरी ठोके थांबतात हे त्यांना प्रयोगांतून दिसले होते. पण मद्यार्क कुणीही शेतकरी गाळू शकत होता, त्याच्यावर मक्तेदारीचे पेटंट मिळण्याजोगे नव्हते आणि ते बऱ्याच मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे. विदर्भातील वाचकाला यात एक ओळखीचा धागा सापडेल. नागपूरचे खासदार नितीन गडकरी ज्या इथेनॉलचा वर्षानुवर्षे पुरस्कार करत आले, आणि जे २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले, तो पर्याय डेटनच्या प्रयोगशाळेत शंभर वर्षांपूर्वी टेबलावर होता.

शिशाची किंमत आधी कामगारांनी मोजली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात टेट्राइथिल लेड बनवणाऱ्या विभागातील पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावले आणि आणखी तिसाहून अधिक जण आजारी पडले. दुसऱ्या एका कारखान्यातील कामगारांना तर हवेत नसलेले किडे दिसत आणि ते हाताने हाकलीत. वृत्तपत्रांत गदारोळ उठला. ३० ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर मिजली यांनी ते द्रव्य आपल्या हातांवर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून जवळपास मिनिटभर त्याचा वास घेतला. यात धोका काहीच नाही, असा त्याचा अर्थ होता. वर्ष-दीड वर्षापूर्वी ज्यांना याच विषासाठी रजा घ्यावी लागली होती, त्यांनीच हे करून दाखवले. त्यांच्या चरित्रातील हे पान कितीही सहानुभूतीने वाचले तरी गिळवत नाही.

विक्री काही काळ थांबली, सरकारी समिती बसली, १९२६ मध्ये बंदी घालण्याजोगे कारण दिसत नाही असा अहवाल आला आणि ‘इथिल’ पुन्हा पंपांवर आले. पुढे ते जगभर गेले. भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या प्रत्येक नागपूरकराचे बालपण व्हेरायटी चौकात किंवा गांधीसागरच्या रस्त्याने जाताना याच शिशाच्या धुरात गेलेले आहे. जगातील शेवटचा साठा अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये संपला.

आता गॅसकडे वळू. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकी घरांत विजेची शीतकपाटे येऊ लागली होती. त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड खेळवले जाई. तिन्ही घातक. अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड निदान नाकाला झोंबून माणसाला जागे तरी करीत. मिथिल क्लोराइडचा वास इतका मंद असे की, रात्री गळती झाली तर झोपलेले कुटुंब उठतच नसे. १९२९ च्या सुमारास शिकागोत अशा मृत्यूंनी घबराट पसरली. बर्लिनमध्येही एका कुटुंबाचा असाच अंत झाला आणि ती बातमी वाचून खुद्द आल्बर्ट आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलते भाग नसलेल्या शीतकपाटाचे पेटंट घेतले. ते बाजारात कधी आले नाही, ही गोष्ट वेगळी.

जनरल मोटर्सच्या मालकीची फ्रिजिडेअर ही शीतकपाटांची कंपनी या प्रश्नाने बेजार झाली होती. १९२८ मध्ये केटरिंग यांनी पुन्हा मिजली यांच्याकडे निरोप धाडला: न जळणारा, न मारणारा गॅस हवा. आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी या सहकाऱ्यांसह मिजली कामाला लागले. पुन्हा आवर्त सारणी पसरली गेली. वायुरूप संयुगे देणारी मूलद्रव्ये सारणीच्या उजव्या अंगाला आहेत. त्या बाजूला जावे तसतशी ज्वलनशीलता कमी होते आणि खालून वर जावे तसतसा विषारीपणा उतरतो. या दोन रेषा जिथे मिळतात तिथे फ्लोरीन बसलेले आहे. फ्लोरीन म्हटले की त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ दचकत, इतके ते जहाल. पण कार्बनशी एकदा घट्ट बांधले की ते निरुपद्रवी होईल, असा अंदाज मिजली यांनी केला. या वेळी तर्क बरोबर निघाला.

तरीही दैवाचा हात त्यात होताच. पहिला नमुना बनवण्यासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइड हवे होते. देशात ते फार थोडे उपलब्ध होते. एकेक औंसाच्या पाच बाटल्या मिळाल्या. त्यातील एक सहज उचलून थोडा वायू बनवला आणि काचेच्या हंडीखाली गिनीपिगसोबत सोडला. प्राणी जिवंत, टुणटुणीत. दुसऱ्या बाटलीतून वायू बनवला, तर प्राणी दगावला. आता वास घेतला तेव्हा फॉस्जीन या युद्धातील विषारी वायूचा दर्प आला. शोध घेता दिसले की, पाचपैकी चार बाटल्या अशुद्ध होत्या. पहिली बाटली तेवढी चोख. ती पहिल्यांदा हाती आली नसती तर कदाचित हा मार्ग तिथेच सोडून दिला असता, असे स्वतः मिजली पुढे सांगत असत. गाडीचे निदान करणाऱ्याने येथे मान डोलवावी असा हा प्रसंग आहे, कारण प्राणी मेला तेव्हा दोष वायूचा नव्हता, कच्च्या मालाचा होता, आणि तो त्यांनी शोधून काढला.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात मिजली यांनी नवा वायू जाहीर केला. व्यासपीठावर त्यांनी छातीभर वायू ओढून घेतला आणि नळीतून तो सोडून जळती मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे दोन्ही एका श्वासात सिद्ध झाले. सहा वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमधील प्रदर्शनाची ही आवृत्तीच होती. फरक इतकाच की, या वेळी दाखवलेले खरे होते. जनरल मोटर्स आणि ड्यूपाँ यांनी त्याच वर्षी किनेटिक केमिकल्स ही कंपनी स्थापून ‘फ्रिऑन’ या नावाने उत्पादन सुरू केले. त्यातला सर्वाधिक खपलेला प्रकार आर-१२. उणे ३० अंशांच्या आसपास तो उकळतो, नळ्या कुरतडत नाही, तेलाशी त्याचे जमते. याच्याइतका सोयीचा पदार्थ अभियंत्याला मागूनही मिळाला नसता.

घरच्या फ्रिजमागोमाग मोटारीची पाळी आली. पॅकार्ड कंपनीने नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात कारखान्यातूनच एसी बसवून आलेली गाडी मांडली. किंमत २७४ डॉलर जादा. गार हवा देणारी यंत्रणा मागे डिकीकडे होती. कॉम्प्रेसर इंजिनापासून तोडणारा क्लच नव्हता. म्हणजे गारवा नको असेल तेव्हा गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि पट्टा हाताने काढून ठेवायचा. हा सोहळा फार काळ चालला नाही. दोन-तीन वर्षांत पॅकार्डने तो नाद सोडला. मोटारींचे एसी खऱ्या अर्थाने रुळले ते १९५० च्या दशकात.

पण गळतीचे बीज त्या पहिल्या गाडीतच होते. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद असतात आणि नळ्या तांब्याच्या, डाग देऊन जोडलेल्या. मोटारीत तसे करता येत नाही. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचा दांडा बाहेर येतो आणि तो जिथून येतो तिथे फक्त एक सील असते. इंजिन थरथरते म्हणून मधल्या नळ्या रबराच्या ठेवाव्या लागतात, आणि रबरातून वायू अगदी हळूहळू झिरपतो. त्यातच एसी तीन-चार महिने लावलाच नाही तर सीलवरचे तेल सुकते. नागपुरातील गाड्यांना मार्चमध्येच ही व्याधी का जडते, याचे एक उत्तर त्यात आहे. हिवाळ्यात आठवड्यातून पाच-दहा मिनिटे एसी चालवावा, असे कारागीर सांगतात ते उगीच नव्हे.

फ्रिजमध्ये अमोनिया असता तर थेंबभर गळतीनेही घर जागे झाले असते. आर-१२ चे तसे नव्हते. तो गळाला तरी कुणाचे काही बिघडत नव्हते, शिवाय तो स्वस्त होता. मग गळती शोधायची कशाला? दर उन्हाळ्यात भरून घेतला की झाले. जुन्या एसी मिस्त्रींकडे गळती शोधायला एक दिवा असे. त्याच्या तापलेल्या तांब्यावरून क्लोरीनयुक्त वायू गेला की ज्योत हिरवी होई. साधन साधे आणि पक्के होते. ते वापरण्याची तसदी मात्र सारेच घेत नसत. अमेरिकेत दशकानुदशके मोटारींचे एसी असेच भरले गेले आणि असेच रिकामे होत राहिले. दुसऱ्या महायुद्धात फ्रिऑनच्या दाबाने उडणारे डासनाशकाचे फवारे सैनिकांना दिले गेले, त्यानंतर केसांचे, अत्तरांचे फवारे आले. तिथे तर वायू हवेत सोडणे हाच उद्देश होता.

मिजली यांना यातले फार थोडे पाहायला मिळाले. समुद्राच्या पाण्यातून ब्रोमीन काढणे, रबराची रासायनिक घडण शोधणे अशा कामांत ते गुंतले होते. नावावर शंभरावर पेटंटे जमा झाली. १९३७ मध्ये पर्किन पदक, १९४१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे सर्वोच्च प्रीस्टली पदक मिळाले आणि १९४४ मध्ये ते त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. मात्र १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांना पोलिओने गाठले होते. या वयात पोलिओ होण्याची शक्यता किती, याचे गणित त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या मांडले. एम्पायर स्टेट बिल्डिंगइतक्या उंच रचलेल्या पत्त्यांच्या चळतीतून नेमके एकच पान उचलण्याइतकी, असे उत्तर आले म्हणतात. पाय निकामी झाले. स्वस्थ बसण्याचा स्वभाव नसल्याने त्यांनी पलंगावरून स्वतःला उचलून खुर्चीत नेता यावे म्हणून दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी सकाळी कोलंबसजवळील वर्दिंग्टन येथील राहत्या घरी ते त्याच दोऱ्यांत गळा आवळलेल्या अवस्थेत मृत आढळले. वय ५५. जगाला अपघात म्हणून सांगण्यात आले, खासगीत मात्र ती आत्महत्या ठरवण्यात आली होती.

त्यांच्या मृत्यूला तीस वर्षे होत आली असताना, जून १९७४ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातील मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. फ्रिऑनसारखे वायू खालच्या हवेत कशाशीही संयोग पावत नाहीत, पावसाने धुऊन जात नाहीत, म्हणून ते हळूहळू थेट ओझोनच्या थरापर्यंत चढतात. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. ज्या निष्क्रियतेसाठी मिजली यांची पाठ थोपटली गेली होती, तिनेच हा वायू तिथवर नेला. योगायोगाने याच १९७४ साली नागपुरातील सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या केंद्रीय संस्थेचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच आजची ‘नीरी’, असे झाले. पर्यावरण हा शब्द सरकारी पाट्यांवर येण्याचा तो काळ होता. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगापुढे मांडले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला आणि मोलिना, रोलंड यांना पॉल क्रुत्झेन यांच्यासह १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मिजली यांना या दोन्ही पापांचे धनी एकाच मापाने ठरवण्याची प्रथा पडली आहे. ती अन्यायाची वाटते. ओझोन वातावरणात कसा घडतो आणि मोडतो, याचा पहिला सिद्धांत सिडनी चॅपमन यांनी मांडला तो १९३० मध्येच, म्हणजे अटलांटात मेणबत्ती विझली त्याच वर्षी. फ्रिऑनचे पुढे काय होणार हे तेव्हा कुणालाच दिसण्याजोगे नव्हते, आणि त्या वायूने झोपेतले मृत्यू खरोखर थांबवले. शिशाची गोष्ट तशी नव्हती. तिथे डॉक्टर सांगत होते, कामगार मरत होते आणि स्वतःचे शरीरही सांगत होते.

भारताने १९९२ मध्ये माँट्रियल करारात प्रवेश केला आणि १ ऑगस्ट २००८ पासून क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन मुदतीच्या आधीच थांबवले. आज नागपुरात धावणाऱ्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला त्याचा उपद्रव नाही. जुन्या मिस्त्रीच्या दिव्याची ज्योतही त्यासाठी हिरवी होत नाही. पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट भारी आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार त्यालाही टप्प्याटप्प्याने निरोप द्यायचा आहे. भारतासाठी त्याच्या वापराची कमाल मर्यादा २०२८ मध्ये गोठवली जाईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात होईल. पाऊणशे ग्रॅम नव्हे, चारशे-पाचशे ग्रॅम गॅस एका छोट्या गाडीत मावतो. तो गळून जाऊ देणे म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्यासारखे आहे.

चांगल्या गॅरेजमध्ये म्हणूनच क्रम वेगळा असतो. उरलेला गॅस यंत्राने काढून घेतात, नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून काटा उतरतो का ते पाहतात, सांध्यांवर साबणाचा फेस लावतात किंवा आत रंगद्रव्य सोडून निळसर दिव्याखाली ते कुठे चमकते हे शोधतात. तेलकट डाग दिसला की जागा सापडली असे समजावे, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते. सील किंवा नळी बदलून, निर्वात पंप चालवून ओल काढली की मग वजन करून नवा गॅस जातो. हे सारे व्हायला अर्धा दिवस मोडतो आणि उन्हात ताटकळणाऱ्या मालकाचा जीव मेटाकुटीला येतो.

आर-१२ चे रेणू वातावरणात साधारण शंभर वर्षे टिकतात. त्या हिशोबाने १९४० मध्ये पॅकार्डच्या पहिल्यावहिल्या एसीतून, पट्टा काढताना-घालताना, सीलमधून जेवढा वायू निसटला असेल, त्यातला सुमारे दोन पंचमांश अजून आपल्या डोक्यावर आहे.